उघाडीवरचं पाणी आणि माळ्यावरचा डबा

झोडणी उरकली, भात घरात आलं, आता दोन ओळी लिहायला सवड मिळाली.

घरी येणारा प्रत्येक जण माळ्यावरच्या डब्याकडे बोट दाखवतो. प्लास्टिकचा जेवणाचा डबा, भोकं पाडलेली, आत लाल-हिरवा दिवा. कुणाला वाटतं कॅमेऱ्याचं मशीन, कुणाला वाटतं केबलचं. तो कॉम्प्युटर आहे. पत्त्याएवढा. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही, आणि तो बारा महिने चोवीस तास एकच काम करतो: आमच्या उघाडीवरच्या पाण्याची नोंद ठेवतो. तो कसा बसवला, हे बऱ्याच जणांनी विचारलंय. सांगतो, पण आधी उघाडी सांगावी लागेल. नाहीतर घाटावरचे मित्र म्हणतील एवढा उपद्व्याप कशाला.

आमचं शिवार पनवेल तालुक्यात, खाडीला लागून. खाडीचं पाणी भातात येऊ नये म्हणून मातीचा बांध, म्हणजे खारबंदिस्ती. आतलं पावसाचं पाणी बाहेर जायला बांधात जागोजागी दारं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. तिला झडप असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते, सुकतीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. माणूस लागत नाही. पण झडपेत ओंडका अडकला, फळी कुजली, की भरतीचं पाणी सरळ खाचरात. समुद्राच्या पाण्याची ईसी 50 डेसिसायमनच्या आसपास असते. भाताचं ढोबळ गणित असं की मातीच्या अर्काची ईसी 3 च्या वर गेली की पुढच्या दर एककाला उत्पन्न साधारण 12 टक्क्यांनी उतरतं. दापोली विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आमच्या पनवेललाच आहे, तिथल्या पनवेल 1, 2, 3 या जाती खाराला दम धरतात, म्हणून खालच्या खाचरांत आम्ही त्याच लावतो. पण दम धरायलाही हद्द आहे. रोप कोवळं असताना आणि भात पोटरीतून निसवताना खार आला, तर जात कुठलीही असो, पळिंज वाढतं.

पाणी कधी आत येतं हे कुणालाच नक्की माहीत नसायचं. सकाळी खाचरात पांढरट साय दिसली की चर्चा सुरू. एक म्हणणार झडप गळते, दुसरा म्हणणार खालून झिरपतं, तिसरा म्हणणार जस्त कमी पडलंय. तिन्ही खरं असू शकतं. म्हणून बांधाच्या बाहेर एक आणि आत एक, असे पाण्याची उंची मोजणारे दोन सेन्सर पाइपात टांगले. आवाज सोडून त्याचा पडसाद मोजणारे, वॉटरप्रूफ. दर दहा मिनिटांनी आकडा लोरा रेडिओवरून घरी येतो. आपल्याकडे 865 ते 867 मेगाहर्ट्झला त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, आणि सपाट खाजणावरून एक-दीड किलोमीटर सहज निघतं. सेन्सरचा सगळ्यात मोठा शत्रू खार नाही, कोळी आहे. पाइपात जाळं विणलं की आकडा वेडावतो. आठवड्यातून एकदा काठीला फडकं बांधून पाइप पुसायचा.

ईसी मात्र हातातल्या मीटरनेच मोजतो. बाजारातल्या स्वस्त टीडीएस प्रोबची धाव साधारण 1000 पीपीएमपर्यंत, खाडीच्या पाण्यात तो पहिल्याच मिनिटाला हात वर करतो. रोज सकाळी तीन ठरलेल्या खाचरांत मीटर बुडवायचा आणि आकडा मोबाइलवरून घरच्या डब्यात टाकायचा.

आता डबा. बोर्ड आहे रास्पबेरी पाय 3 बी, भाच्याच्या डिप्लोमाच्या प्रोजेक्टनंतर कपाटात पडून होता. इंग्लंडात केंब्रिजच्या लोकांनी शाळेतल्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून हा बोर्ड काढला, 29 फेब्रुवारी 2012 ला पहिल्यांदा विकायला आला, किंमत 35 डॉलर. पोरांसाठी काढला आणि जगभर लोकांनी गोठ्यापासून गच्चीपर्यंत कुठेही लावला. आमचा 3 बी म्हणजे 1 जीबी मेमरी, आजच्या साध्या मोबाइलपेक्षाही कमी. आमच्या कामाला तीही जास्त होते. दोन सेन्सर, दर दहा मिनिटांनी, म्हणजे दिवसाच्या 288 ओळी. चार महिन्यांच्या हंगामाच्या साडेचौतीस हजार. सगळ्या मिळून मोबाइलच्या एका फोटोएवढीही जागा खात नाहीत. तेव्हा नवा महागडा बोर्ड घेऊ नका, जुना मिळाला तर बघा.

यात लिनक्स चालतं. रास्पबेरी पाय ओएसची लाइट आवृत्ती, जी डेबियनवर बांधलेली आहे. लाइट म्हणजे खिडक्या, चित्रं काही नाही, नुसत्या ओळी. लॅपटॉपवर इमेजर नावाचा त्यांचाच प्रोग्रॅम असतो, त्यातून कार्डावर उतरवायचं. उतरवण्याआधी तो सेटिंग विचारतो: नाव, पासवर्ड, वायफाय, आणि एसएसएच चालू करायचं का. ते तिथेच भरा. पूर्वी सगळ्या बोर्डांना ‘पाय’ हे एकच नाव आणि ‘रास्पबेरी’ हा एकच पासवर्ड यायचा, म्हणजे सगळ्या गावाला एकच किल्ली. 2022 च्या एप्रिलपासून ते बंद झालं, बरं झालं. एसएसएच चालू केलं की पडद्याची गरज संपते. लॅपटॉपवरून किंवा मोबाइलवरून डब्याशी बोलता येतं. पासवर्डऐवजी किल्लीची फाइल करून घ्या आणि पासवर्डचा दरवाजा बंद करा.

राऊटरमध्ये जाऊन बोर्डाला कायमचा पत्ता बांधून द्या, नाहीतर दर वेळी लाइट गेल्यावर तो नवीन पत्त्यावर राहायला जातो आणि आपण शोधत बसतो. बाहेरगावाहून बघायचं असेल तर राऊटरचं दार उघडून ठेवू नका. शिवाय सिमकार्डाच्या राऊटरला बहुधा बाहेरच्या जगात स्वतःचा पत्ता नसतो, एकच पत्ता कित्येक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, त्यामुळे दार उघडूनही कुणी आत येऊ शकत नाही. वायरगार्डवर चालणारी टेलस्केलसारखी सोय टाकली की आपला मोबाइल आणि घरचा डबा यांच्यात खाजगी पायवाट तयार होते. मला वाशीच्या मार्केटमध्ये उभं राहून खाचराची पातळी दिसते. आमची ही रोज म्हणते, घरी फोन करून पोरं जेवली का ते विचारत नाही, पाणी बघतो.

रेडिओचा आकडा यूएसबीतून येतो, पायथनचा दीड पानाचा प्रोग्रॅम तो वाचतो आणि एसक्यूलाइटच्या एका फाइलीत लिहितो. दुसरा छोटा प्रोग्रॅम तीच फाइल वाचून मोबाइलवर आलेख दाखवतो. बस. मोठमोठी डॅशबोर्डं टाकायचा मोह होतो, भाच्याला तर फारच झाला होता. मी म्हटलं, जे बिघडल्यावर मला एकट्याला दुरुस्त करता येणार नाही ते टाकू नको. प्रोग्रॅम सिस्टिमडीच्या ताब्यात द्या, म्हणजे पडला तर तोच उठवतो. बोर्डात वॉचडॉग नावाचा राखणदारही असतो, अख्खं यंत्र गोठलं तर तो ते बंद करून चालू करतो. तोही जागा करून ठेवा.

इथपर्यंतचं काम दोन संध्याकाळचं. खरं काम पुढे आहे, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही, कारण लिहिणाऱ्यांच्या घरची वीज जात नसावी. आमच्याकडे ज्या रात्री पाण्याची नोंद हवी असते, नेमक्या त्याच रात्री वीज जाते. उधाण, वारा, पाऊस, आणि अंधार. हे चारही एकदमच येतात.

मेमरी कार्डाला अचानक वीज गेलेली सोसत नाही. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल अर्धवट, आणि असं चार-सहा वेळा झालं की एखाद दिवशी बोर्ड उठतच नाही. म्हणून नोंदी कार्डावर ठेवायच्याच नाहीत. यूएसबीला छोटी एसएसडी लावली, नोंदी तिच्यावर. कार्डावर फक्त सिस्टिम, आणि सगळं मनासारखं झाल्यावर रास्पी-कॉन्फिगमधून ओव्हरले चालू केलं, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही. काही बदलायचं असेल तेव्हा ओव्हरले काढायचं, बदलायचं, परत घालायचं. एफएस-टॅबच्या फाइलीत एसएसडीच्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घाला. नाहीतर एसएसडीची वायर सैल असली तरी बोर्ड सुरू होताना तिथेच अडून बसतो आणि तुम्हाला माळ्यावर चढावं लागतं.

वीजपुरवठा: फवारणी पंपाची बॅटरी. 12 व्होल्ट 8 अँपिअर-तासाची, घरात असतेच. हिशेब करा. 12 गुणिले 8 म्हणजे 96 वॉट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणून 48. बोर्ड आणि एसएसडी मिळून साडेचार वॉटच्या आसपास खातात, मधल्या कन्व्हर्टरची गळती धरली तर नऊ तास निघतात. एक रात्र. पंपाचा चार्जर मात्र कायम जोडून ठेवू नका, 13.6 ते 13.8 व्होल्टवर थांबणारा फ्लोट चार्जर घ्या. 12 चे 5 करणारा कन्व्हर्टर आधी मल्टिमीटरने 5.1 वर बसवा, मगच बोर्डाला जोडा. मोबाइलच्या बारीक लांब केबलने व्होल्टेज पडतं. या बोर्डावरचा लाल दिवा 4.63 च्या खाली विझतो, तेव्हा लाल दिवा विझलेला दिसला तर आधी केबल बदलून बघा. विजेचं बिल म्हणाल तर महिन्याला मोजकेच युनिट.

जागा माळ्याचीच. 2005 च्या 26 जुलैला पनवेलात पाणी किती चढलं ते ज्यांनी बघितलंय त्यांना कारण सांगायला नको. खारी हवा पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर आणते, महिन्यातून एकदा ब्रशने साफ करायचं.

आणि घड्याळ. यावर जरा थांबतो.

रास्पबेरी पाय 3 ला स्वतःचं घड्याळच नाही. वीज गेली की वेळ जाते. सुरू झाल्यावर शेवटची जतन केलेली वेळ धरून तो पुढे मोजायला लागतो, आणि इंटरनेट मिळालं की खरी वेळ विचारून घेतो. इंटरनेटच नसेल तर? आषाढात वादळ झालं, साडेचार तास वीज नव्हती, बॅटरीची जोडणी तेव्हा व्हायची होती. वीज आली पण नेट दोन दिवस आलं नाही. घड्याळाचा तुकडा मागवलेला, तो अजून कुरिअरमध्ये. दुसऱ्या दिवशी आमचे थोरले आबा मोबाइलवर आलेख बघत होते. आबांनी आयुष्यभर खाडी बघितली, शाळा चौथीपर्यंत. मला म्हणाले, "आज अष्टमी हाय ना? मग भरती सांजच्याला सहाला. तुझा डबा दुपारी दीडला सांगतंय."

आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. दिवसाला साधारण पाऊण-पन्नास मिनिटांनी भरती पुढे सरकते, म्हणून हे जमतं. मिनिटाला मिनिट नाही, पण साडेचार तासांची चूक पकडायला पुरेसं. आबांनी बोर्डाचं घड्याळ चंद्रावरून तपासलं.

मग डीएस 3231 नावाचं घड्याळ आलं. नखाएवढा तुकडा, गोल सेल, चार वायरी, कॉन्फिगच्या फाइलीत एक ओळ. इंटरनेट असो नसो, वेळ चालू राहते. पाय 5 मध्ये घड्याळ बोर्डावरच आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. हा तुकडा स्वस्तातला आहे, म्हणून लोक टाळतात. टाळू नका. का, ते ऐका.

भाद्रपदात पावसाने आठ दिवस दडी मारली. भात पोटरीत, काही निसवलेलं. पौर्णिमेचं उधाण. खालच्या खाचरात सकाळी मीटर 1.4 दाखवायचा, तो लागोपाठ तीन सकाळी वर सरकला, तिसऱ्या दिवशी 3.8. मातीच्या अर्काची ईसी वेगळी आणि उभ्या पाण्याची वेगळी, हे कृषीवाल्यांना सांगायला नको, पण दिशा कळली. आलेख काढला. भरतीच्या वेळी आतली रेघ सपाट असायला हवी. झडप गळत असेल तर ती हळूहळू चढते, ते मी आधी बघितलेलं होतं. ही तशी नव्हती. तिन्ही रात्री रेघ एकदम उभी चढली, अर्ध्या तासात, आणि मध्यरात्र उलटून सुकती लागल्यावर उतरली. दिवसाच्या भरतीला काही नाही. म्हणजे रात्री कुणीतरी झडपेला टेकू देत होतं. भरतीबरोबर मासळी आत घ्यायची आणि सुकतीला तोंडाला जाळं लावायचं. खाडीकाठच्या लोकांना हे नवीन नाही.

गावात तोवर एका माणसाचं नाव झालेलं होतं. वरच्या वाडीतला, जमीन नाही, चिंबोऱ्या पकडून विकतो. त्याला दोन जणांनी दिवेलागणीला साडेसहाच्या सुमारास उघाडीजवळ बॅटरी घेऊन फिरताना बघितलं होतं. तेवढं पुरे झालं होतं. काही पोरं त्याच्या घरी जायच्या बेतात होती.

डब्यातली नोंद सांगत होती की पाणी अकराच्या आसपास आत आलं. साडेसहाला झडप घट्ट मिटलेली, आत एक इंचही फरक नाही. आता हिशेब करा. तेच घड्याळ साडेचार तास मागे असतं, तर आलेखावर पाणी साडेसहाला आत येताना दिसलं असतं. बरोबर त्याच वेळी, त्याच माणसावर. आणि यंत्र खोटं बोलत नाही असं म्हणणारी माणसं गावात कमी नाहीत.

आलेख मी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकला नाही. बांधावरच बैठक घेतली, मोबाइल आबांच्या हातात दिला. एकाने विचारलंच, "तुझ्या यंत्राची वेळ खरी कशावरून?" प्रश्न रास्त होता. आबा म्हणाले, "पंधरा दिवसांची भरती मी तिथीशी लावून बघितलीय. जुळतंय." त्यापुढे कुणी बोललं नाही. माझ्या शब्दाने ते झालं नसतं.

अकराला कोण होतं ते आलेखात नव्हतं, आणि मी शोधायलाही गेलो नाही. बैठकीत मागणी झाली की उघाडीवर कॅमेरा लाव, तुझ्या सर्व्हरला जोड. मी नाही म्हटलं, अजूनही नाही म्हणतो. डबा माझ्या घरात आहे. त्यात पाण्याची उंची असेपर्यंत तो गावाचा आहे. उद्या त्यात माणसांचे चेहरे आले तर प्रत्येक भांडणात किल्ली माझ्याकडे मागितली जाईल, आणि ज्याला दाखवली नाही तो माझा वैरी. काही जणांना हे पटलं नाही, आमचे धाकटे बंधूही त्यात आहेत.

ठरलं असं की भात कापून होईपर्यंत झडपेला कुणी हात लावायचा नाही, कापणीनंतर खुशाल मासळी धरा. दोन घरांनी पुढे येऊन कबूल केलं. तिसरं एक घर बैठकीला आलंच नाही. पुढच्या अमावास्येच्या उधाणाला रेघ सपाट राहिली, एक रात्र सोडून. हस्ताचा पाऊस चांगला लागला, खाचरं धुऊन निघाली. तरी खालच्या दोन खाचरांत पळिंज डोळ्यांनी दिसेल एवढं निघालं. वरची चांगली गेली.

आम्ही एका कंपनीचं तयार यंत्रही बघितलं होतं, आकडे त्यांच्याकडे जातात आणि अॅपवर दिसतात. काम चांगलं होतं. पण पहिल्या वर्षानंतर भाडं, आणि भाडं थांबलं की मागची वर्षंही दिसत नाहीत. उघाडीच्या दुरुस्तीसाठी एका कार्यालयात आमचा अर्ज कधीचा पडून आहे, तिथे तीन-चार वर्षांच्या नोंदी लावायच्या आहेत. त्या आपल्या घरात हव्यात. रात्री दोनला नोंदींची नक्कल पेनड्राइव्हवर जाते, महिन्याला एक भाच्याकडे.

भाचा आता नोकरीला पुण्याला चाललाय. जाण्याआधी त्याला चार रविवार बसवून सगळं दोनशे पानी वहीत लिहून घेतलं, मराठीत: कुठली वायर कुठे, कुठल्या फाइलीत कुठली ओळ, पासवर्ड, कार्ड मेलं तर नवीन कसं करायचं. एक जादा कार्ड तयार करून लिफाफ्यात घातलंय. वही आणि लिफाफा सातबाऱ्याच्या पेटीत आहेत. डिसेंबरात सेन्सरचे पाइप काढून धुणार आहे, कुणाला बघायला यायचं असेल तर तेव्हा या, सकाळी सुकती बघून.